हात हलला की मन हलते



जरा पुढे सरकून बसा. आयाबायांनी मागे भिंतीला टेकू नये, इकडे उजेडात यावे. आज पाटीवर अक्षर गिरवायचे नाही. आज गोष्टी बोलायच्या आहेत. पण त्या बिनकामाच्या नाहीत. आज आम्ही मनाविषयी बोलणार आहोत.

वाटेत कुणी भेटले की आपण विचारतो, "काय, बरं आहे ना?" समोरचा म्हणतो, "बरं आहे." पोटात काहीही असो, तोंडातून हेच दोन शब्द येतात. विचारणाऱ्याच्या मनात माया असते. सांगणाऱ्याच्या मनात संकोच असतो. आणि खरे काय ते तसेच आत राहते.

आता गोठ्यातल्या बैलाकडे बघा. बैलाने वैरणीला तोंड लावले नाही, रवंथ करायचे सोडले, कान पाडले, की आपल्याला लगेच कळते. आपण म्हणतो, "अरे, याला काहीतरी झालंय." अंगावरून हात फिरवतो. गुरांच्या डॉक्टरला निरोप धाडतो. पण घरातला माणूस जेवेना, बोलेना, कोपरा धरून बसला, तर आपण काय म्हणतो? "आळस भरलाय." "नखरे आहेत." "येईल ताळ्यावर." बैलाचे दुखणे आपल्याला कळते. मग माणसाचे का कळू नये?

मन खाली बसते, तेव्हा काय होते ते नीट बघा. माणूस पारावर जायचे सोडतो. भजनाला जात नाही. शेताकडे फिरकत नाही. बाई शेजारणीशी बोलत नाही. अंगणात रांगोळीचे बोट ओढत नाही. तिला वाटते, "मन बरं झालं की करू." पण काही केले नाही म्हणून मन आणखी बसते. मन बसले म्हणून काही करवत नाही. असा हा फेरा आहे.

उपसा नसलेली विहीर तुम्ही पाहिली आहे. पाणी असते, पण त्यावर शेवाळ येते, पाला कुजतो, वास येतो. विहीर म्हणत नाही, "माझं पाणी निवळलं की मग उपसा." आधी उपसावे लागते. मग झरे मोकळे होतात. मग पाणी निवळते. मनाचेही तसेच आहे. आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे. आधी हात हलवावा. मन मागून येते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. एका म्हातारीकडून शिकलो. ती हकीकत ऐका.

आमच्या वर्गाला एक गृहस्थ येतात. हकीकत सांगायला त्यांची परवानगी आहे. पण नाव नको म्हणाले. आपण त्यांना दादा म्हणू. दादांची कोरडवाहू तीन एकर जमीन. त्या साली सोयाबीन बरे आले होते. कापून सुडी लावली. मळणीयंत्राचा नंबर दोन दिवसांवर होता. त्या रात्री पाऊस आला. नुसता आला नाही, तीन दिवस मुक्काम ठोकून राहिला. सुडीवर ताडपत्री होती, पण पाणी खालून शिरले. शेंगांना कोंब फुटले.

दादा वर्गाला येईनात. एक दिवस झाला, दोन झाले, चार झाले. आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. वहिनी दारातच म्हणाल्या, "बाजेवरनं उठत नाहीत. भाकरी पुढं ठेवली तर तशीच राहते." दादा बाजेवर पडून आढ्याकडे बघत होते. आम्हाला बघून उठून बसले, पण बोलले नाहीत. आम्ही बोलायला लागलो. "धीर धरा. दिवस काय असेच राहत नाहीत. पुढच्या साली बघू." मंडळी, खरे सांगतो, आमचे शब्द आमच्याच कानाला पोकळ लागले. दादा म्हणाले, "आता शिकून तरी काय करायचं?"

त्यावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

तेवढ्यात दादांची आई आतून आली. हातात सूप. सुपात भुईमुगाच्या शेंगा. तिने सूप दादांच्या पुढ्यात ठेवले. म्हणाली, "बियाला शेंगा निवडायच्या राहिल्यात. मला आता दिसत नाही. टपोऱ्या ठेव, पोचट टाक." एवढे बोलून ती चुलीकडे गेली.

दादा आधी नुसतेच बघत राहिले. मग आईचा शब्द मोडवेना म्हणून एक शेंग उचलली. टाकली. दुसरी उचलली. आम्हीही सुपात हात घातला. कुणी काही बोलत नव्हते. शेंगांचा खुळखुळ आवाज तेवढा येत होता. अर्धा तास गेला असेल. दादांनी एक शेंग उजेडात धरली आणि म्हणाले, "ही बघा. चार दाण्यांची. वरच्या बांधाकडची आहे. तिकडची माती हलकी, शेंग चांगली धरते."

चार दिवसांत त्यांनी आपण होऊन बोललेले हे पहिले वाक्य. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. भाकरी पुन्हा पुढे आली. दादांनी अर्धी खाल्ली.

त्या माउलीने उपदेश केला नाही. "रडू नको" म्हटले नाही, "हस" म्हटले नाही. तिने हातात सूप दिले. आणि सुपात काय दिले? पुढच्या पेरणीचे बी.

दुसऱ्या दिवशी दादांनी वासराला पाणी दाखवले. तिसऱ्या दिवशी ते बांधापर्यंत जाऊन आले. पुढे पंचनाम्याला माणसे आली, तेव्हा दादा स्वतः शेतात उभे होते. किती माल गेला ते नीट सांगितले. कागदावर सही केली, अंगठा नाही. बाजेवर पडलेल्या दादांच्याने हे झाले असते का? नुकसान सगळे भरून आले का? नाही आले. कर्ज फिटले का? नाही फिटले. पण दादा उभे राहिले.

आता एक खरी अडचण सांगतो. मागे आम्ही हाच विषय काढला होता, तेव्हा एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "गुरुजी, डब्यात पीठ नाही, आणि तुम्ही म्हणता पाखरांचं गाणं ऐका. गाण्यानं पोट भरतं का?"

आम्ही गप्प झालो. मावशींचे म्हणणे खरे होते. गाण्याने पोट भरत नाही. पहाटेच्या वाऱ्याने सावकाराचे व्याज कमी होत नाही. ज्याला मजुरी पुरत नाही त्याला मजुरीच पुरती मिळाली पाहिजे. त्यासाठी भांडावे लागते, अर्ज करावे लागतात, चार माणसे जोडावी लागतात. "आनंदी राहा" एवढे सांगून कुणी तुमची बोळवण करू लागला, तर त्याचे ऐकू नका.

पण मंडळी, चिखलात रुतलेली गाडी आठवा. आपण काय करतो? चाकाखाली दगड देतो. तो दगड गाडी घरापर्यंत नेत नाही. गाडी बैलच नेतात. पण दगड दिला नाही तर चाक वर येत नाही, आणि बैलांचे बळ फुकट जाते. छोटा आनंद हा असा चाकाखालचा दगड आहे. त्याच्याने दुःख संपत नाही. पण चाक वर येते. मग पुढचे ओढणे जमते.

आपल्या आयाआज्यांना हे ठाऊक होते. पहाटे उठून पायलीचे दळण दळायचे, खांदे भरून यायचे. सासरी मनातले सांगायला कुणी नसायचे. मग त्या जात्याशी बोलायच्या. ओवी म्हणायच्या. ओवीत माहेर यायचे, भाऊ यायचा, विठ्ठल यायचा, सासूचा जाचही यायचा. दळण व्हायचे आणि मनही हलके व्हायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या. किती मिळाल्या असतील? एक लाखाहून जास्त! गाणाऱ्या बहुतेक बाया शाळेची पायरी न चढलेल्या. आता गिरणी आली. खांद्याचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण जात्याबरोबर मन मोकळे करायची ती जागाही गेली. ती जागा आपल्याला दुसरीकडे शोधली पाहिजे.

बहिणाबाई चौधरी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली त्या जन्मल्या. लिहिता वाचता येत नव्हते. ऐन तिशीत वैधव्य आले. मुले लहान, शेतीचे आणि घरचे काम डोक्यावर. पण हात कामात असताना त्यांचे डोळे आणि कान उघडे असत. पेरणी पाहिली, गाणे रचले. मोट चालली, गाणे रचले. सुगरण पाखराचा खोपा पाहिला, त्यावरही गाणे रचले. त्यांचे दुःख लहान नव्हते. पण त्यांनी रोजच्या कामातूनच मनाला खाऊ दिला. १९५१ साली त्या वारल्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी काही गाणी कागदावर उतरून ठेवली होती. १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले, म्हणून ती आज घराघरांत आहेत. जी कुणी लिहून घेतली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता तुम्ही विचाराल, हा छोटा आनंद शोधायचा कुठे? तो दुकानात नाही. तो घराभोवतीच आहे.

सकाळी उठल्यावर थोडा वेळ उन्हात उभे राहा. बांधापर्यंत चालून या. सकाळचे ऊन डोळ्यांना लागले की शरीरातले घड्याळ ठिकाणावर येते. रात्री झोप वेळेवर लागते. आणि झोप झाली की निम्मा चिडचिडेपणा आपोआप जातो.

कान द्या. उन्हाळ्यात पहाटे दयाळ पक्षी गातो. काळा पांढरा, शेपूट वर करणारा. गळा मोठा गोड. पावसाळ्याच्या तोंडाला पावशा ओरडतो. आपले लोक म्हणतात, तो "पेरते व्हा, पेरते व्हा" असे सांगतो. आपल्या वर्गातले एक आजोबा रोज पावशाला उत्तर देतात, "होतो रे बाबा, आधी पाऊस तर पाड!" आणि स्वतःच हसतात. त्या दिवशी त्यांची सून म्हणते, "आज मामंजींचा राग कमी आहे."

नाकालाही आनंद कळतो. तव्यावर भाकरी फुगली की काय वास सुटतो! आणि पहिल्या पावसाचा मातीचा वास? तापलेल्या मातीत डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. त्यांच्यापासून तो वास मुख्यतः तयार होतो. थेंब आपटला की तो हवेत उडतो. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या वासाला शास्त्रात एक वेगळे नाव दिले. उत्तर प्रदेशात कनौज नावाचे गाव आहे. तिथे भाजलेल्या मातीपासून अत्तर काढतात. लोक ते पैसे मोजून घेतात. आपल्या दारात तो वास फुकट येतो. पण तेव्हा आपण काय करतो? मोबाईलात मान घालून बसतो.

हाताला काम द्या. मोठे नको, छोटे द्या. दोरी वळा. गोधडीला चार टाके घाला. गोधडीत आईच्या लुगड्याचा तुकडा असतो, लेकराच्या झबल्याचा तुकडा असतो. टाका घालताना माणसे आठवतात. परसात दोन वेल लावा. काम असे निवडा की ते आजच्या आज पुरे होईल. पुरे झालेले काम डोळ्यांनी दिसते, आणि मन म्हणते, "चला, आज एवढं तरी झालं."

माणूस शोधा. अर्धा कप चहा दोघांत घ्या. आणि "बरं आहे" म्हणण्याऐवजी एखाद्या जवळच्याला सांगा, "आज बरं नाही वाटत रे." ऐकणाऱ्याने लगेच शहाणपण सांगू नये. नुसते ऐकावे. ऐकणे हीसुद्धा मदत आहे.

आणि थोडे द्या. ताक केले तर तांब्याभर शेजारी द्या. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्याची चिठ्ठी वाचून दाखवा. आता तुम्हाला वाचता येते ना! दुसऱ्याच्या तोंडावर उजेड आला की त्याची थोडी तिरीप आपल्याही तोंडावर पडते.

पण सावध राहा. दारू, मटका, गुटखा यांतही आनंद आहे असे वाटते. रात्री बारापर्यंत मोबाईल बघण्यातही वाटते. तो आनंद उसना असतो. सकाळी तो व्याजासकट परत मागतो. डोके जड होते, खिसा हलका होतो, घरात भांडण होते. उसना आनंद आणि कष्टाचा आनंद यांतला फरक ओळखायला एक खूण सांगतो. दुसऱ्या दिवशी ज्याची लाज वाटत नाही, तो आनंद खरा.

आता बहिणाबाईंच्या गोष्टीकडे परत येऊ. जे लिहिले ते राहिले, जे लिहिले नाही ते गेले. तुम्हाला आता अक्षर येते. मग एक वही करा. रोज रात्री निजण्याआधी एकच ओळ लिहा. "आज मला काय बरं वाटलं?" जास्त नको. चूक झाली तरी चालेल. वर्गातल्या काही वह्या आम्ही पाहिल्या, मालकांना विचारून. एकीने लिहिले होते, "आज गाईनं वासराला चाटलं. मी बगत बसले." एकाने लिहिले होते, "बसमधे पाटी वाचली. कुनाला विचारलं नाही." आणि गाण्याने पोट भरते का असे विचारणाऱ्या त्या मावशींनी लिहिले होते, "आज कुनी कायबी चांगलं केलं नाही. पन भाकरी फुगली." हसू नका! ही ओळ आम्हाला सगळ्यात आवडली. वाईट दिवस येईल तेव्हा ही वही उघडा. मन म्हणेल, "माझ्या नशिबात काहीच चांगलं नाही." वही म्हणेल, "हे बघ, आहे की."

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. ही नीट ऐका.

कधी कधी हे सगळे करूनही मन वर येत नाही. दोन आठवडे झाले तरी उदास वाटते. झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच जीव रमत नाही. जगून काय करायचे, असा विचार येतो. मंडळी, मग तो मूड नव्हे, तो आजार आहे. जसा हिवताप, तसा हा. त्यात माणसाचा दोष नाही, पाप नाही, बाहेरचे काही नाही. त्यावर उपचार आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नावाची फोनसेवा सुरू केली आहे. नंबर आहे १४४१६. दिवसा, रात्री, केव्हाही लावा. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते. हा नंबर आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आम्ही थांबतो. लिहिला?

आणि घरात कुणी मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर ती थट्टा समजू नका. त्याला एकटे ठेवू नका. फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. त्याच्याजवळ बसा. त्याला घेऊन दवाखान्यात जा.

दादांचे काय झाले, ते सांगून संपवतो. त्यांनी निवडलेल्या शेंगा मृगात पेरल्या. काही उगवल्या, काही गेल्या. ते आता वर्गाला येतात. आज मागच्या ओळीत बसले आहेत, कुठे ते सांगत नाही. त्यांनी वहीत लिहिलेली ओळ मात्र त्यांच्या परवानगीने वाचतो. "आईला डोळ्यानं दिसतं. शेंगा ती निवडू शकली असती."

मंडळी, उद्या येताना प्रत्येकाने एक ओळ लिहून आणायची. आम्हीही आणू. राम राम.